रुग्णसेवकांचे कवच
(संस्थेच्या वार्षिक सभेत चिखला येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिखल्याच्या मँगनीज खाणीत हेल्मेटवाचून कोणी उतरत नाही, हे येथील घराघरांत ठाऊक आहे. रुग्णालयाच्या वॉर्डातही तशाच कवचाची गरज असते, याची जाणीव कोरोनाच्या साथीने सर्वांस करून दिली. त्याविषयी चार शब्द आपणांसमोर मांडण्याची अनुज्ञा असावी.

महाराष्ट्रातील पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले. महिनाही उलटला नव्हता, तोच मुंबईच्या वोक्हार्ट रुग्णालयात २६ परिचारिका व ३ डॉक्टर बाधित आढळले आणि ते रुग्णालयच प्रतिबंधित क्षेत्र म्हणून घोषित झाले. सेवक आजारी पडला की त्याच्या घरावर संकट येते आणि इतर रुग्णांचे उपचारही अडतात. जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्य कर्मचारी या रोगाने दगावले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

एन-९५ मास्क हवेतील सूक्ष्म कणांपैकी किमान ९५ टक्के कण अडवितो. परंतु तो चेहऱ्यास घट्ट बसला तरच. कडेने फट राहिली, तर महागडा मास्कही व्यर्थ ठरतो. पोशाख चढविण्यापेक्षा उतरविताना धोका अधिक, कारण त्याच्या बाहेरील बाजूस जंतू असतात. म्हणून हातमोजे प्रथम, मास्क खोलीबाहेर आल्यावर सर्वांत शेवटी, आणि हातांची स्वच्छता वारंवार, असा क्रम पाळावा लागतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात तो पोशाख घालून तासन् तास पाण्याचा घोटही न घेता काम करणे ही तपश्चर्याच होय. थकलेला हात नकळत चेहऱ्याकडे जातो. यास्तव साधनांइतकीच विश्रांती, पाळीचे योग्य नियोजन, पोशाख उतरविण्याची स्वतंत्र जागा आणि जेवणाची हवेशीर खोली आवश्यक आहे.

हे कवच केवळ डॉक्टरांसाठी नाही. सफाई कामगार, कपडे धुणारे, रुग्णवाहिकेचे चालक हेही तितक्याच धोक्यात असतात. भारतात १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरणास प्रारंभ झाला, तेव्हा सफाई कामगारांसह आरोग्य कर्मचाऱ्यांना अग्रक्रम मिळाला, तो यथायोग्यच होता.

मे २०२३ मध्ये जागतिक आणीबाणी संपल्याचे घोषित झाले. परंतु क्षयाचे जंतूही हवेतूनच पसरतात, आणि पुढची साथ पूर्वसूचना देऊन येत नाही. म्हणून देणगीदारांस आमची विनंती आहे की, यंत्रसामग्रीबरोबरच मास्क, हातमोजे व प्रशिक्षण यांसाठीही आपला हात सैल असावा. या वस्तूंवर दात्याचे नाव कोरता येत नाही, वापरानंतर त्या नष्टच होतात. तरीही त्यांचे मोल मोठे आहे. आप्तेष्टांनी रुग्णाजवळ एकाच व्यक्तीने थांबावे, आणि परिचारिकेस मास्क बांधून येण्यास क्षणभर विलंब झाला तर रागावू नये. तो क्षण आपल्या रुग्णाच्याही रक्षणाचा असतो.