पर्सिमनचें पुडिंग

आपल्या टेंभुर्णीच्या गोत्रांतील पर्सिमन हें फळ अमेरिकेंतील इंडियाना राज्यांत रानोमाळ होतें. कच्चें चाखल्यास टॅनिनमुळें जीभ आवळून येते. म्हणून जाणते लोक तें पिकून आपोआप गळेपर्यंत थांबतात. मग चाळणीवर घांसून काढलेल्या गरांत मैदा, साखर, अंडीं, ताक, सोडा व दालचिनी मिसळून मिश्रण भट्टींत मंद आंचेवर भाजतात. निवतांना पुडिंग मध्यभागीं खचतें. तें बिघडलें असें मानूं नये, तो त्याचा ओलावाच होय. तेथील मिचेल गांवीं १९४७ पासून पर्सिमनचा उत्सव भरत आला आहे.

माझ्या मास्तरकीच्या दिवसांत कांहीं मुलांना मीं असेंच कच्चेपणीं चाखून टाकून दिलें. तीं पिकेपर्यंत थांबावयास हवें होतें.