औषधदान आणि संशोधननिधी



आहार, औषध, शास्त्र आणि अभय हे चतुर्विध दान श्रावकाला बालपणापासून परिचित असते. औषधदानाच्या भावनेने समाजाच्या संस्था ठिकठिकाणी रोगनिदान शिबिरे घेतात, रुग्णालयांना खाटा देतात. परंतु जे औषध अद्याप सापडलेलेच नाही, त्याचे दान कोणी करावे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

अमेरिकेत माजी सैनिकांसाठी केंद्र सरकारची स्वतंत्र रुग्णालये आहेत आणि तेथे संशोधनही चालते. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील अशाच रुग्णालयात रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी रक्तातील इन्शुलिनचे अतिसूक्ष्म प्रमाण मोजण्याची पद्धती शोधली. बर्सन १९७२ मध्ये निवर्तले. यॅलो यांना १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज गावोगावी होणाऱ्या थायरॉइडच्या रक्ततपासणीची मुळे त्याच कामात आहेत. विशेष म्हणजे त्या दोघांनी या शोधाचे पेटंट घेतले नाही. अपरिग्रहाचे असे उदाहरण प्रयोगशाळेतही आढळावे, ही आनंदाची गोष्ट होय.

मात्र सरकारी रुग्णालयाला बाहेरून आलेला संशोधननिधी सांभाळणे अवघड जाते. म्हणून १९८८ मध्ये तेथील संसदेने कायदा करून या रुग्णालयांना ना-नफा प्रतिष्ठाने स्थापण्याची मुभा दिली. प्रतिष्ठानाच्या मंडळावर रुग्णालयाचे प्रमुख असतात, तसेच सरकारी सेवेत नसलेले किमान दोन सदस्यही असावे लागतात. पैसा रुग्णालयाने मान्य केलेल्या संशोधनावर व शिक्षणावरच खर्च होतो आणि वार्षिक अहवाल द्यावा लागतो. दात्याचा विश्वास टिकतो तो या शिस्तीमुळे.

अशी व्यवस्था भारताला नवी नाही. जयपूरच्या सवाई मानसिंह या सरकारी रुग्णालयात मास्टर रामचंद्र आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या प्रयत्नांतून रबरी ‘जयपूर फूट’ साकारला. परंतु तो गोरगरिबांपर्यंत मोठ्या प्रमाणावर पोहोचला तो १९७५ मध्ये श्री. डी. आर. मेहता यांनी स्थापन केलेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीमुळे. भगवंतांच्या २५०० व्या निर्वाणमहोत्सवाचा तो काळ. पुढे या समितीने स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने स्वस्त कृत्रिम गुडघाही विकसित केला. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातही संशोधनाच्या निधीसाठी डायमंड ज्युबिली सोसायटी ट्रस्ट हा स्वतंत्र न्यास आहे. त्याच रुग्णालयाशी जोडलेल्या महाविद्यालयाला सेठ गोरधनदास सुंदरदास यांचे नाव आहे. त्यांच्या विश्वस्तांनी देणगी देताना अट घातली होती, की अध्यापक भारतीयच असावेत. अट कशी घालावी, हे त्यांच्याकडून शिकावे. विषय आणि हेतू दात्याने जरूर ठरवावा. निष्कर्ष मात्र ठरवू नये. दात्याला हवे तेच उत्तर देणारे संशोधन हे संशोधन नव्हेच.

आणखी एक आक्षेप नेहमी ऐकू येतो : देणगीतील काही भाग व्यवस्थापनावर का जावा? कापडाची गाठ मागवली, की भाडे आणि हमाली ओघाने आलीच. रुग्णाची लेखी संमती, नैतिकता समितीची मान्यता, नमुन्यांची शीतसाठवण, हिशेबनीस, लेखापरीक्षण यांवाचून संशोधन उभे राहत नाही. हा खर्च दडवणारी संस्था संशयास्पद, उघड लिहिणारी विश्वासार्ह.

गोंदिया जिल्ह्यासाठी हा विषय दूरचा नाही. पूर्व विदर्भात सिकलसेल हा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. तपासणी आणि हायड्रॉक्सियुरियासारखे औषध ही शासनाची जबाबदारी आहेच. परंतु एका रुग्णाला वारंवार असह्य वेदना होतात आणि दुसऱ्याला क्वचितच, असे का, हे जाणण्यासाठी तेच रुग्ण वर्षानुवर्षे तपासत राहावे लागतात. २०१६ मध्ये गोंदियात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यापासून रुग्ण आणि डॉक्टर एकाच गावात आहेत. नोंदी ठेवणाऱ्या एका कर्मचाऱ्याचे दहा वर्षांचे वेतन एवढीही देणगी तेथे उपयोगी पडू शकेल. तिच्यावर नावाची संगमरवरी पाटी बसणार नाही, हे मात्र देणगीदाराला आधीच सांगितलेले बरे. विश्वस्तांनी असा निधी काढल्यास त्याचे बँकखाते औषधवाटपाच्या खात्यापासून वेगळे असावे, आणि दरवर्षीच्या सर्वसाधारण सभेत त्याचा जमाखर्च स्वतंत्रपणे वाचला जावा.