एप्रिल विकायचा नाही

(परभणीतल्या युवक अभ्यास शिबिरात केलेलं भाषण)



मला विषय दिलाय, 'फ्रीलान्स काम, विद्यापीठाचं शिक्षण आणि फुरसत यांचा तोल'. विषय गुळगुळीत आहे. ज्याला घरून दर महिन्याला पैसे येतात त्यानं असा तोल खुशाल सांभाळावा. आपल्या हातात तराजू कधी होता?

आधी शब्दाचा निकाल लावू. फ्रीलान्स हे काही आभाळातून पडलेलं नाही. माझी माय गंगाखेडकडच्या शिवारात कापूस वेचते, किलोवर. सोयाबीन काढते, एकरावर. याला आपण उक्तं म्हणतो. रोजानं गेलं तर दिवस मावळला की सुटी. उक्त्यात दिवस मावळत नाही. जितकं उरकशील तितकं तुझं, म्हणून बाई पाणी प्यायलासुद्धा बांधावर जात नाही. तिच्यावर मुकादम ठेवावा लागत नाही, तीच स्वतःची मुकादम होते. मीही तेच करतो. एम.ए. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि खोलीवर बसून बॅनरची डिझाईनं करतो, नगाला दीडशे रुपये.

आता मागच्या वर्षीचा एप्रिल सांगतो. तोंड लपवायचं नाही म्हणून सांगतो. परीक्षा एप्रिलातच आली. आणि एप्रिल म्हणजे जयंती. बारा रात्री जागून मी 41 डिझाईनं केली. पैसे आले 26 चे. उरलेली पंधरा कुणाची? आपल्याच मंडळांची. रात्री अकराला मेसेज, 'भाऊ, अर्जंट आहे'. पैशाचं काढलं की, 'समाजाचं काम आहे, पैसे काय मागतोस?' 14 तारखेला साऱ्या शहरात माझे बॅनर झळकत होते आणि मी खोलीत झोपेनं मेलो होतो. मिरवणूक पाहिली नाही. 16 ला पेपर होता, त्यात नापास झालो. माय फोनवर एवढंच बोलली, "लेकरा, माझ्यासारखंच उक्तं करायचं होतं तर एवढं शिकलास कशाला?"

या प्रश्नाचं उत्तर शोधत मी बाबासाहेबांचं चरित्र पुन्हा उघडलं. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून 1917 साली ते लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परतले. बडोद्याच्या नोकरीत जातीनं टिकू दिलं नाही. मुंबईत येऊन त्यांनी शिकवण्या केल्या, शेअरच्या व्यवहाराचा सल्ला देणारं कार्यालय काढलं. म्हणजे तुमच्या भाषेत फ्रीलान्सच! सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळलं आणि गिऱ्हाईक फिरकेना. शंभर वर्षं होऊन गेली. मला फोनवर 'दादा, दादा' करणारं गिऱ्हाईक पैसे पाठवताना स्क्रीनवर आडनाव वाचतं, आणि पुढच्या खेपेला म्हणतं, 'बघू'.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. 1918 साली बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. तो पगार त्यांनी साठवला. त्यात शाहू महाराजांची मदत आली, नवल भाथेना या मित्राचं कर्ज आलं, आणि 1920 साली नोकरी सोडून ते लंडनला गेले. 1923 साली डी.एस्सी. झाले. त्यांनी काम केलं ते शिकायची वर्षं सोडवून घेण्यासाठी. आपण नेमकं उलटं करतो. शिकायची वर्षं विकतो आणि त्यातून मोबाईलचा हप्ता भरतो. 1946 साली सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा त्यांनी तिथं सकाळचे वर्ग ठेवले, कारण पोरांना दिवसा नोकरी असते हे त्यांना ठाऊक होतं. कॉलेजनं पोराच्या पोटाकडे बघून वेळापत्रक लावलं!

आणि फुरसत. पारावर दिवसभर पाय पसरून बसणाऱ्याला गावानं कधी रिकामटेकडा म्हटलं नाही. आपला माणूस घडीभर टेकला तर तो माजला! महारकीत कामाला वेळ नव्हती, हाक आली की निघायचं. रात्री अकराचा तो मेसेज हीच हाक आहे, आणि आता ती आपणच एकमेकांना मारतोय. मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुटी 1890 साली मिळाली, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे झगडले म्हणून. कारखान्यातले आठवड्याचे 54 तास 1946 च्या दुरुस्तीनं 48 वर आले. ते विधेयक मांडलं तेव्हा बाबासाहेब मजूरमंत्री होते. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगार हा शब्द आला, पण त्याच्या तासांना मर्यादा त्या संहितेत नाही. टॅक्सी चालवणाऱ्या नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' 1972 साली आला. सगळेच तास भाड्याला लावले असते तर तो लिहायला वेळ कुठून आला असता?

म्हणून मी तोल सांगणार नाही, आम्ही काय केलं ते सांगतो. एकट्यानं 'नाही' म्हटलं तर काम दुसऱ्याकडे जातं आणि दर पडतो. हा अनुभव सगळ्यांचा आहे. म्हणून आम्ही चौघं डिझाईनवाले एक झालो. दर एकच, आणि तो लिहून भिंतीवर लावलेला. निम्मा इसार घेतल्याशिवाय हात लावायचा नाही. रात्री नऊनंतर फोन बंद. ज्याची परीक्षा त्याचं काम बाकीचे तिघं ओढतात. आठवड्यातली एक संध्याकाळ कुणीच विकत नाही. त्या संध्याकाळी कुणी वाचतो, कुणी क्रिकेट खेळतो, कुणी नुसता पडून राहतो. हिशेब विचारायचा नाही.

यानं सगळं सुटत नाही, हेही ऐका. शिष्यवृत्ती वर्ष संपताना आली तर आधीचे दहा महिने पोरगं उक्तंच करणार. ती वेळेवर मिळावी यासाठी रस्त्यावर यावंच लागेल. पण मोर्चा निघेपर्यंत आपल्याच पोराला फुकट राबवणं तरी बंद करू. मंडळाच्या वर्गणीतून डीजेला पैसे निघतात, मग डिझाईनवाल्याला का नाही?

यंदा जयंतीचा मजकूर मार्चमध्ये आणून द्या, इसारासकट. 14 एप्रिलला माझा फोन लागणार नाही. मी मिरवणुकीत असेन.

जयभीम!