पकड शिकवणारा माणूस



गुडीहत्नूर असो की इंद्रवेल्ली, कबड्डीचा सामना लागला की टाळ्या चढाईपटूला पडतात. पकड साधली तर लोक म्हणतात, चढाई करणारा चुकला. पकड हुकली तर सगळं खापर कोपऱ्यातल्या गड्याच्या माथी. पकडीचा हा बचाव वर्षानुवर्षं घडवत राहणाऱ्या प्रशिक्षकाबद्दल मला आज बोलायचं आहे.

अमेरिकन फुटबॉलमध्ये अशाच, नजरेत न भरणाऱ्या कामासाठी वेगळा प्रशिक्षक नेमतात. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला सारं जग ओळखतं. त्याच्यापुढे पाच धिप्पाड गडी असतात: मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि कडेला टॅकल. अंगावर धावून येणाऱ्यांना त्यांनी अडवायचं. गुण मिळवायची संधी त्यांच्या वाट्याला क्वचितच येते. म्हणून त्यांचा सराव अगदी बारीक गोष्टींचा असतो: पहिलं पाऊल किती टाकायचं, कंबर किती खाली ठेवायची, हात समोरच्याच्या छातीवर कुठे लावायचे. बाहेरून धरलं की दंड होतो.

न्यू इंग्लंड पेट्रियट्सचे डांटे स्कार्नेकिया यांनी हेच शिकवण्यात उभी हयात घालवली. ते 1982 मध्ये या संघात आले. मधली दोन वर्षं सोडली तर ते तिथेच राहिले आणि 2013 च्या हंगामानंतर निवृत्त झाले. पुढे 2015 च्या हंगामाअखेर डेन्व्हरविरुद्ध संघाचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी याला सामनाभर मार खावा लागला आणि संघ हरला. तेव्हा स्कार्नेकियांना परत बोलावलं गेलं. ब्रेडी तोच, मुख्य प्रशिक्षकही तेच. पुढल्याच हंगामात संघ सुपर बोल, म्हणजे अजिंक्यपदाचा सामना, जिंकला. या विजयाला कारणं अनेक असतील, पण हे पाच गडी सावरले नसते तर तो मिळाला नसता, असं मी ठामपणे म्हणतो.

आता आपल्या खेळाकडे येऊ. कबड्डीत सात जण एकमेकांचे हात धरून साखळी करतात. चढाईपटू निदान रेषेकडे सरकतो, एक पाय पुढे टाकतो. कोपऱ्यातला गडी वाकून घोटा धरतो. त्याच क्षणी शेजाऱ्याने अंग टाकलं नाही तर धरलेला पाय निसटतो आणि गुण जातो. ही वेळ अंगात मुरते ती रोजच्या सरावाने. ती मुरवणारा माणूस मैदानाबाहेर उभा असतो.

नाशिकच्या शैलजा जैन यांनी महाराष्ट्रात वर्षानुवर्षं मुलींना कबड्डी शिकवली आणि निवृत्तीनंतर इराणच्या महिला संघाची जबाबदारी घेतली. खेळाडूंशी बोलता यावं म्हणून त्या फारसी शिकल्या. सरावात त्यांनी योग आणि प्राणायाम आणला. आशियाई खेळांत महिला कबड्डी 2010 मध्ये आली. तेव्हापासून सुवर्णपदक भारताकडेच होतं. 2014 च्या अंतिम सामन्यात इराण आपल्याकडूनच हरला होता. 2018 मध्ये जकार्ताला इराणने भारताला 27-24 असं हरवलं. भारतीय म्हणून त्या निकालाचं दुःख मलाही झालं. पण नाशिकच्या एका बाईने परक्या भाषेतल्या मुलींचा संघ अजिंक्य केला, याचा अभिमान मला अधिक वाटतो.

स्कार्नेकिया असोत की शैलजाताई, दोघांच्या कारकिर्दीतून मला एकच गोष्ट दिसते. चढाईची चपळाई एखाद्या मुलात उपजत असू शकते. बचाव मात्र शिकवावाच लागतो, आणि तो शिकवायला वर्षं लागतात. आपण एका स्पर्धेपुरता प्रशिक्षक आणतो, हरलो की बदलतो. अशाने पोरांचे हात जुळतात न जुळतात तोच साखळी तुटते.

आपल्या भागात मराठी, तेलुगू, गोंडी बोलणारी मुलं एकाच मैदानात उतरतात. त्यांच्यात दमसास आहे, ताकद आहे, जिद्द आहे. त्यांना किमान पाच वर्षं टिकणारा प्रशिक्षक हवा. गावाने वर्गणी काढली तर ती आधी त्याच्या मानधनाला जावी, मग ढाल आणि मंडपाला. उत्कृष्ट चढाईपटूचं बक्षीस देताना उत्कृष्ट पकडपटूचंही द्या आणि त्याच्या प्रशिक्षकाला शेजारी उभं करून दोघांचंही नाव माइकवरून पुकारा. येत्या मोसमापासून एवढं केलंत, तर पकडायला उभं राहण्यातही मान आहे, हे पोरांना कोणी वेगळं सांगायला लागणार नाही.