झटपट शेवया आणि मुलांचे जेवण



झटपट नूडल्सची पाकिटे आता चंद्रपूर-गडचिरोलीच्या आडगावांतल्या दुकानांतही टांगलेली दिसतात. ती मुलांना आवडतात, आणि भूक लागली की पटकन होतात. तेव्हा ती काय वस्तू आहे, हे नीट समजून घेऊ.

शेवया आपल्याला नव्या नाहीत. उन्हाळ्यात आपण शेवया, सरगुंडे करतो अन् खडखडीत वाळवतो. पाणी गेले की पदार्थ टिकतो. जपानात १९५८ साली मोमोफुकू आंदो यांनी हेच पाणी उन्हाऐवजी तापल्या तेलात तळून घालवले. तळताना बारीक छिद्रे पडतात, त्यांतून पाणी झटकन आत शिरते. म्हणून त्या लगेच शिजतात. भारतात हा पदार्थ १९८३ पासून घरोघर पोचला.

इंडोनेशियात तर चीनच्या खालोखाल ही पाकिटे खपतात. तिथल्या बांडुंगकडे रस्त्यावर ‘सेब्लाक’ नावाचा झणझणीत पदार्थ मिळतो. मिरची-लसणाचे वाटण परतायचे, पाणी घालायचे, भिजवलेल्या पापड्या किंवा याच नूडल्स त्यात सोडायच्या. पण त्यात अंडे फोडतात, भाजीपालाही टाकतात, बरं का! आपण नुसते तिखट उचलतो अन् अंडे-पाला विसरतो.

पाकिटात मैदा, तेल आणि मीठ. सत्तर ग्रॅमच्या पाकिटात साधारण दोन ग्रॅम मीठ असते. मोठ्या माणसाला दिवसाकाठी पाच ग्रॅमहून कमी मीठ असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लेकराला त्याहूनही कमी. पोट भरते, पण अंगी लागत नाही.

मग करायचे काय? मसाल्याची पुडी अर्धीच टाका. मूठभर शेवग्याचा पाला, पावसाळ्यात तरोट्याची कोवळी पाने, एक अंडे किंवा मोड आलेले मूग घाला. लसूण-मिरची घरचीच ठेचा.

आपल्याकडची कितीतरी कुटुंबे मिरची तोडायला तेलंगणात जातात. लेकरेही बरोबर असतात. परमुलखातल्या मुक्कामी पाकीट सोयीचे वाटणारच. तेव्हा निघताना गाठोड्यात मूग आणि वाळवलेला शेवग्याचा पाला बांधून न्यावा.

गुरुजी, रिकामे पाकीट वर्गात न्या. त्यावरचा सोडियमचा आकडा अडीचने गुणला की मीठ किती ते कळते. हे गणित मुले घरी आईला सांगतील, आणि आई ऐकेल.