बेचाळीस भेटकार्डे



संक्रांत जवळ आली की मराठी घरात एके काळी दोन कामे निघत. एक चुलीपाशी, तिळाचे, दुसरे टपालाचे. दूरच्या आप्तेष्टांच्या हातावर तिळगूळ ठेवता येत नसे, म्हणून छापील भेटकार्डाबरोबर हलव्याच्या चार दाण्यांची पुडी पाकिटात घालून पाठवीत. आमच्या भिलाईत तर या पाकिटांना फार मोल होते. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि कारखान्याभोवती वसलेल्या सेक्टरांमध्ये देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे आली. त्यांत आम्ही मराठी मंडळीही होतो. विदर्भातून वा पुण्याहून आलेले ते पाकीट उघडताना कार्ड विकतचे आहे, हा विचार कोणाच्या मनाला शिवतही नसे.

हे आठवण्यास कारण माझी नात. २०२३ च्या संक्रांतीला ती चौथीत होती. वर्गमित्रांना देण्याची कार्डे आपण स्वतःच करायची, असे तिने ठरविले. आम्हांला कौतुक वाटले. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून तिने पतंग रंगविले आणि खळीने तीळ चिकटविले. एका कार्डाला अर्धा तास लागे. वर्गात तिच्याखेरीज बेचाळीस मुले. म्हणजे एकवीस तासांचे काम! सात कार्डांनंतर पोरीचा धीर खचला. तेव्हा तिच्या बाबांनी बाजारातून पस्तीस सुबक छापील कार्डे आणून दिली. अडचण निभावली, असे आम्हां मोठ्यांना वाटले.

दुपारी ती रडत घरी आली. वर्गात दोन पंक्ती पडल्या होत्या: रंगविलेले कार्ड मिळालेल्या सातांची एक आणि उरलेल्यांची दुसरी. एका मुलीने तर विकतचे कार्ड बाकावर परत ठेवले. तेच कार्ड सर्वांना सारखे मिळाले असते, तर तिने आनंदाने घरी नेले असते. सात हातच्या कार्डांशेजारी ते आले आणि ‘तू आठवी’ असे तिला सांगणारा कागद झाले.

हातचे ते खरे आणि विकतचे ते उपरे, हा निवाडा मीही आजवर सहज देत आले होते. त्या दिवशी माझा हा विश्वास डळमळला. आईने रात्री जागून उरलेली कार्डे करावयाची आणि ती मुलीच्या नावावर खपवावयाची, असाही एक मार्ग आहे, आणि पुष्कळ घरांत तो पत्करतातही. मला मात्र तो दुकानातल्या कार्डाहून हलका वाटतो. दुकानातले कार्ड निदान आपण विकतचे आहोत हे लपवीत नाही.

छापील भेटकार्ड जन्मास आले तेच मुळी अशा अडचणीतून. १८४३ साली लंडनच्या हेन्री कोल यांना नाताळात सर्व स्नेह्यांना स्वहस्ते पत्रे लिहिण्यास सवड नव्हती. त्यांनी चित्रकार हॉर्स्ली यांच्याकडून एक चित्र काढवून घेतले आणि त्याच्या हजार प्रती छापविल्या. युनिसेफच्या पहिल्या कार्डाची हकीगत याच्या उलट आहे. १९४९ सालच्या त्या कार्डावरचे चित्र चेकोस्लोव्हाकियातील यित्का साम्कोवा या सात वर्षांच्या मुलीने काढले होते. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या गावात कागद मिळेना, म्हणून तिने ते काचेवर रंगविले. विकतच्या कार्डामागेही असा एखादा लहान हात असू शकतो.

पुढच्या वर्षी नातीने चित्रांचा नाद सोडला. डिसेंबरपासून रोज दोन याप्रमाणे बेचाळीस पुड्या केल्या. सगळ्या एकसारख्या, साध्या पांढऱ्या. प्रत्येकीवर केवळ नाव. पण ज्याचे त्याच्या लिपीत. त्यासाठी तिला सेक्टरभर हिंडावे लागले. बंगाली आजींनी अक्षरे गिरवून घेतली. तेलुगू, मल्याळी आणि ओडिया घरांतूनही धडे मिळाले. गुरुमुखीत लिहिलेल्या एका नावाची मात्रा चुकली, ती त्या मुलानेच हसत दुरुस्त केली. पंक्ती पडल्या नाहीत.

तक्रार आली ती एकाच छत्तीसगढी मुलाची. त्याची लिपी आमचीच, देवनागरी. “मग माझ्यासाठी तू वेगळे काय शिकलीस?” असे त्याने विचारले. प्रश्न रास्त होता, आणि तिच्यापाशी उत्तर नव्हते. त्याच महिन्याच्या २५ तारखेला पौषी पौर्णिमा होती. त्या दिवशी छत्तीसगढात छेरछेरा असतो. मुले दारोदार जाऊन नव्या पिकाचे धान मागतात. तो झोळी घेऊन आमच्या दाराशी आला. नातीने पसाभर धान त्याच्या झोळीत घातले, आणि घरातली एक पिशवी उचलून, मला न विचारताच, ती त्याच्याबरोबर पुढच्या दाराकडे निघाली.