मोकळी जागा मोकळी नसते

मी मूळचा वालचंदनगरचा. बीटेक झालं, नोकरी पुण्यात. गेली चार वर्षं रविवारी सकाळी वेताळ टेकडीवर स्वयंसेवकांबरोबर काम करतोय. तिथली माझी एक चूक आज सांगतो, कारण तीच आता गावी होऊ घातलीय.

पुण्याच्या टेकड्यांवर जी दाट हिरवी झाडी दिसते, त्यात गिरिपुष्प म्हणजे ग्लिरिसिडिया भरपूर. हे मूळचं मध्य अमेरिकेतलं झाड. भराभर वाढतं, म्हणून उघड्या टेकड्यांवर लावलं गेलं. पण त्याच्या दाट सावलीत आपलं गवत फारसं टिकत नाही. म्हणून आम्ही खैर, सालई, पळस अशी इथलीच झाडं लावतो, उन्हाळ्यात कॅनने पाणी घालतो.

पहिल्या पावसाळ्यात मी उत्साहात गवताळ उतारावर खड्डे घ्यायला लागलो. म्हटलं, एवढी मोकळी जागा वाया का घालवायची? ग्रुपमधल्या एका काकांनी हात धरला. "आधी वाकून बघ." कुदळीपासून वीतभर अंतरावर चंडोलाचं घरटं, त्यात अंडी. चंडोल घरटं जमिनीवरच करतो. मग ती जागा मोकळी कशी?

तेव्हा आमचा माळ आठवला. लहानपणी आम्ही त्याला 'पडीक' म्हणायचो. मोज्यांना कुसळं चिकटली की वैतागायचो. पण आपला इंदापूर-बारामतीचा भाग पर्जन्यछायेतला. इथं गवत हेच मूळचं रान. आपल्याच तालुक्यात कडबनवाडीच्या माळावर चिंकारा आहेत, लांडगे आहेत. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्यही चिंकारांसाठीच ओळखलं जातं. चिंकाऱ्याला जंगल नको, उघडा माळ लागतो.

आता गावच्या मित्रांनी ठरवलंय, यंदा माळावर 500 रोपं लावायची. पैसे मी गोळा करायचे. मी नाही म्हणालो. वडील चिडले, "झाडं नको म्हणणारा तूच पहिला!"

मला झाडं नको नाहीत, अण्णा. बांधावर लिंब लावू, ओढ्याकाठी करंज लावू, पाण्याचे पैसे मी देतो. फक्त माळ सोडा.

मित्रांना एवढंच म्हणालोय, खड्डे घेण्याआधी एक सकाळ माझ्याबरोबर माळावर या. येत्या रविवारी जातोय. कोण कोण येतंय, बघू!